पीएचडीचा प्रबंध लिहायला बसलोय, प्रकरणं कशी पाडू?

खडूफळा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी सीनियर कॉलेजात समाजशास्त्र शिकवतो. पीएचडीचा विषय ऊसतोड कामगारांच्या मुलांचं शिक्षण. फील्डवर्क संपलंय. शाळांचे हजेरीपट उतरवून घेतलेत, घरोघरी मुलाखती झाल्यात, मुकादमांशी (कामगारांच्या टोळ्या जमवणारे ठेकेदार) बोललोय, हंगामात कारखान्यावर जाऊन कोप्यांमध्ये (तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपड्या) राहून आलोय. वह्याच्या वह्या भरल्यात. आता गाईड म्हणतात लिहायला घ्या, आणि मी रोज रात्री लॅपटॉप उघडून 'प्रकरण पहिले : प्रस्तावना' असं टाईप करतो, खाली 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' लिहितो आणि तिथंच बसतो.

डिपार्टमेंटमधले आधीचे प्रबंध चाळले. सगळ्यांचा साचा एकच. प्रस्तावना, संबंधित साहित्याचा आढावा, संशोधन पद्धती, तथ्य विश्लेषण, निष्कर्ष व शिफारशी. झालं. पण माझ्याकडचं निम्मं सामान यात कुठं ठेवायचं तेच कळत नाही. कोप्यांवर जे बघितलं ते 'तथ्य विश्लेषणा'त जातं का? हजेरीपट कुठं? मुकादमाच्या मुलाखती परिशिष्टात टाकल्या तर वाचणार कोण?

तर प्रश्न दोन. साचा आहे तसा ठेवू की माझी माझी प्रकरणं पाडू? आणि लिहायला सुरुवात नक्की कुठून करतात?

उगाच
'भारत हा कृषिप्रधान देश आहे' या वाक्यावर बंदी आणली तर महाराष्ट्रातले निम्मे प्रबंध सुरूच होणार नाहीत.

टाकीवरचा_बगळा
सोप्पंय. आधी ऋणनिर्देश लिहून टाका. चार पानं तिथंच भरतात, आत्मविश्वास येतो. गाईडच्या सौभाग्यवतींनी 'वेळोवेळी चहापाणी करून आपलेपणाने विचारपूस केली' हे विसरू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

अनघा_प
खडूफळा सर, साचा जरा बाजूला ठेवू. तुमचं शीर्षक काय रजिस्टर झालंय? अंदाज करते: 'अमुक जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास'?

खडूफळा
मॅडम, शब्दन् शब्द बरोबर. फक्त शेवटी 'विशेष संदर्भ' पण आहे.

उगाच
हसून हसून पुरेवाट

अनघा_प
हसण्यावारी नेऊ नका हो, दुखणं तिथंच आहे. मी गाईड म्हणून काम करते (विषय वेगळा, शिक्षणशास्त्र) आणि माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या मुलाची हीच तक्रार असते की मटेरियल भरपूर आहे पण लिहिता येत नाही. कारण 'समस्यांचा अभ्यास' यात विचारलेलं काहीच नसतं. समस्या काय, कितीही सापडतात. शाळा लांब आहे ही समस्या, गणवेश मिळाला नाही ही समस्या, बाप दारू पितो ही समस्या. मग त्या नुसत्या मोजत जायच्या आणि प्रत्येकीला एक तक्ता. असल्या प्रबंधात कुठलंही प्रकरण कुठंही ठेवा, काही बिघडत नाही, आणि बिघडत नाही म्हणूनच तुम्हाला ते कसं लावायचं ते कळत नाहीये.

शीर्षक आता बदलायला जाऊ नका, कमिट्यांचे हेलपाटे होतील. शीर्षक राहू दे कव्हरवर. पण स्वतःपुरतं एक वाक्य लिहा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं. ते सापडत नसेल तर मला इथंच सांगा: एवढ्या फिरण्यात तुम्हाला असं काय कळलं जे त्या गावात पाऊल न ठेवलेल्या माणसाला कधीच सुचलं नसतं? पुस्तकी भाषेत नको, चहाच्या टपरीवर मित्राला सांगाल तसं.

रब्बी_हंगाम
आमच्याकडे कृषी विद्यापीठात हा प्रॉब्लेमच नाही. इंट्रोडक्शन, रिव्ह्यू ऑफ लिटरेचर, मटेरियल अँड मेथड्स, रिझल्ट्स अँड डिस्कशन, समरी अँड कन्क्लुजन, लिटरेचर सायटेड, आणि शेवटी व्हायटा, म्हणजे एक पानभर स्वतःची जन्मकुंडली. यातलं एक अक्षर इकडचं तिकडं करायची सोय नाही. प्लॉट टाकला, आरबीडीत (प्लॉट मांडायची ठरलेली पद्धत) रेप्लिकेशन घेतली, सीडी (फरक खरा आहे का हे सांगणारा आकडा) काढली, टेबल भरलं, खाली लिहिलं की ट्रीटमेंट पाच सिग्निफिकंटली सुपीरिअर. एमएस्सीचा थिसिस उभ्या उभ्या होतो. तुम्ही आर्ट्सवाले उगाच डोक्याला ताप करून घेता.

मोडीवाचक
रब्बी, तुमचा प्रयोग सुरू व्हायच्या आधीच प्रकरणं ठरलेली असतात कारण प्रश्न आधी ठरलेला असतो: कुठलं खत जास्त उत्पन्न देतं. आमच्याकडे इतिहासात कागद आधी येतात आणि प्रश्न नंतर. मी पुण्याच्या पेशवे दफ्तरात जकातीचे कागद बघायला गेलो आणि तिथं बसून बसून कळलं की खरी गोष्ट जकातीच्या दराची नाहीच, जकात माफ कुणाला झाली त्याची आहे. तेव्हा कुठं प्रकरणं सुचली. आम्ही 'संशोधन पद्धती' असं वेगळं प्रकरण सहसा लिहीतही नाही, साधनांची चिकित्सा प्रस्तावनेतच येते: कुठले रुमाल (कागदांचे गठ्ठे) पाहिले, कुठले मिळाले नाहीत, कागद कुणी आणि कशासाठी लिहिला. तेव्हा एकच साचा सगळ्यांना हे काही पटत नाही.

पाचपन्नास
सगळे गोड गोड सल्ले देताहेत, मी कडू देतो. सर, प्रबंध वाचणारे किती? तुमचे गाईड आणि यूजीसीच्या नियमाप्रमाणे बाहेरचे किमान दोन परीक्षक. बाहेरच्यांसमोर असल्या प्रबंधांचा गठ्ठा पडलेला असतो, ते आधी अनुक्रमणिका बघतात. 'संशोधन पद्धती' नावाचं प्रकरण दिसलं नाही की पहिला शेरा तिथंच. नवीन काही करायच्या नादात दुरुस्तीसाठी परत आलं की सहा महिने गेले. साचा पाळा, डिग्री घ्या, मग पुस्तक काढताना हवी तशी प्रकरणं पाडा. २०२२ च्या नियमांनी प्रवेशापासून सहा वर्षं दिलीत, पुढं दोन वर्षं वाढवून मिळतात, महिलांना आणखी दोन. पण तेवढ्यात पगारवाढ अडकते हे कुणी बोलत नाही.

खडूफळा
@अनघा मॅडम, टपरीवरच्या भाषेत सांगतो.

मी निघालो तेव्हा डोक्यात होतं की ज्यांच्यावर उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) जास्त त्यांची पोरं जास्त गळणार. मुकादमाकडून जास्त पैसे उचलले म्हणजे नवरा-बायको दोघांचा कोयता (जोडीने ऊसतोड) आणि वर पोरांनाही सोबत नेणार. तसं निघालं नाही. एकाच भावकीतली दोन घरं, उचल सारखीच, एका घरातला पोरगा दिवाळीनंतरही शाळेत दिसतो आणि दुसऱ्या घरातली पोरगी हजेरीपटावर थेट एप्रिलात उगवते. मग ध्यानात आलं की घरी भाकरी थापणारं म्हातारं माणूस आहे का, यावर बरंच ठरतं. पण तेही पूर्ण खरं नाही. आजी घरात असूनही पोरगी गेली अशी घरं आहेत, आणि त्या बहुतेक घरांत पाळण्यातलं भावंड होतं. ते सांभाळायला थोरली पोरगी फडावर (ऊस तोडायच्या रानात) लागते, पोरगा नाही. आणि गावात मागे राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह सुरू होईतो टोळ्या गाव सोडून गेलेल्या असतात, म्हणजे निर्णय घरात आधीच झालेला असतो.

अनघा_प
अहो, मग हेच लिहा की!

तुमचा प्रश्न हा: हंगाम लागला की कुठलं मूल गावात राहतं आणि कुठलं फडावर जातं, आणि हे घरात कोण, कधी, कशावरून ठरवतं? आता बघा, सामान आपोआप जागेवर बसतं. हजेरीपटावरून दिसतं कोण कधी गळालं. मुलाखतींवरून दिसतं का. कोप्यांवरून दिसतं की तिथं गेलेली मुलगी दिवसभर नेमकं करते काय. मुकादम येतो तो निर्णयाची वेळ सांगायला, कारण उचल पावसाळ्यात वाटली जाते आणि तेव्हाच कोण जाणार ते ठरतं. असंच ना?

पाचपन्नास म्हणतात त्यात तथ्य आहे, परीक्षक अनुक्रमणिकाच आधी बघतो. म्हणून साचा मोडू नका, चौथं प्रकरण फोडा. एकाची तीन करा. पहिली तीन नावं नेहमीचीच ठेवा, कुणाच्या कपाळाला आठी पडणार नाही.

लिहिण्याचा क्रम मात्र अनुक्रमणिकेचा नको. आधी हजेरीपटाचे तक्ते पक्के करा, कारण ते बदलणार नाहीत. मग तिन्ही विश्लेषणाची प्रकरणं. मग संशोधन पद्धती, काय केलंत ते अजून ताजं आहे तोवर. मग साहित्याचा आढावा, तोपर्यंत कळलेलं असतं कुणाशी भांडायचंय. मग निष्कर्ष. आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी, कारण आत काय आहे हे ठाऊक नसताना दारावरची पाटी रंगवता येत नाही. तुमचा कृषिप्रधान देश तोपर्यंत वाट बघेल.

दोन_आणे
अनघाताईंना +१०० आणि वाचनखूण साठवली.

शिवारफेरी
'तथ्य विश्लेषण' प्रकरणाबद्दल माझा जुना राग आहे तो इथं काढते. प्रश्नावलीत चाळीस प्रश्न असले की चाळीस तक्ते, चाळीस रंगीत गोल आणि प्रत्येकाखाली 'वरील तक्त्यावरून असे निदर्शनास येते की ५२ टक्के उत्तरदाते पुरुष व ४८ टक्के स्त्रिया आहेत'. अहो, तक्त्यात तेच लिहिलंय ना! तक्ता, आलेख आणि परिच्छेद तिघंही एकच गोष्ट सांगतात आणि पान भरतं. एक एक प्रश्न सुटा मोजून कधीच काही कळत नाही, दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवल्या की कळतं. खडूफळा सरांचंच घ्या. 'घरात आजी-आजोबा आहेत : हो/नाही' हा एक तक्ता आणि 'मूल स्थलांतर करते : हो/नाही' हा दुसरा, असे वेगवेगळे दिले तर मेले दोन्ही. त्याऐवजी उभ्या रकान्यात आजी आहे, आजी नाही. आडव्यात मुलगा राहिला, मुलगा गेला, मुलगी राहिली, मुलगी गेली. आणि तोच तक्ता परत, फक्त तान्हं भावंड असलेल्या घरांचा. झालं, या दोन तक्त्यांत तुमचं अख्खं प्रकरण आहे. काय-वर्ग (दोन गोष्टींचा संबंध निव्वळ योगायोग आहे का ते बघणारी चाचणी) लावायचा तर इथं लावा, उगाच वयोगटाला लावून काय मिळतं?

आणि तक्त्याखालच्या परिच्छेदात तक्त्यात न दिसणारी गोष्ट लिहा. उदा. आजी असूनही जी मुलगी गेली त्या घरातली आई काय म्हणाली.

रब्बी_हंगाम
हे पटलं. आमच्यातही इंटरॅक्शन टेबलातच मजा असते, मेन इफेक्ट कोणी बघत नाही.

वाचनखूण
थोडं अवांतर पण विचारूनच घेते. माझं मराठीत एमफिल झालंय, म्हणजे बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या बॅचमधली मी, आता पीएचडी सुरू आहे. साहित्याच्या आढाव्यात बाई म्हणतात नुसती यादी झालीय. यादी नाही तर काय लिहायचं असतं?

मोडीवाचक
तुमच्या आढाव्यातला प्रत्येक परिच्छेद माणसाच्या नावाने सुरू होतो का?

वाचनखूण
हो. 'क्ष (साल) यांनी अमुक विषयावर अभ्यास केला. त्यांनी शंभर उत्तरदाते निवडले. त्यांचा निष्कर्ष असा की...' मग पुढचा परिच्छेद 'य (साल) यांनी...'

मोडीवाचक
मग ते वर्गातलं हजेरी घेणं झालं. परिच्छेद माणसाने नको, मुद्द्याने सुरू करा. सरांच्या विषयावर करून दाखवतो, नावं मुद्दाम क्ष-य ठेवतोय.

आधीचं: 'क्ष यांनी स्थलांतरित कुटुंबांचा अभ्यास करून गरिबी हे गळतीचे कारण असल्याचे सांगितले. य यांनी शाळांच्या सोयींचा अभ्यास केला. ज्ञ यांनी मुलींच्या गळतीचा अभ्यास केला.'

नंतरचं: 'मूल शाळेतून गळते ते घरच्या गरिबीमुळे, असे मानणारे अभ्यास (क्ष) आणि शाळेच्या अवस्थेमुळे, असे मानणारे (य) या दोघांनीही घर हे एकसंध धरले आहे. घरातल्या कोणत्या मुलाला पाठवायचे हा प्रश्न त्यांच्यापुढे येत नाही. मुलींच्या गळतीवर लिहिताना ज्ञ या प्रश्नाच्या जवळ येतात, परंतु त्यांचे क्षेत्र शहरी आहे; तिथे हंगाम नाही.'

माणसं तीच, पुस्तकं तीच. पण आता वाचणाऱ्याला कळतं की तुम्ही कुठल्या फटीत शिरताय. आणि ज्या अभ्यासाचं तुमच्या प्रश्नाशी काही घेणंदेणं नाही तो आपोआप गळतो. जीव तुटतो टाकताना, पण टाकायचा.

वाचनखूण
_/\_ हे कुणी आधी का सांगितलं नाही! अख्खं प्रकरण परत लिहिते आता.

टाकीवरचा_बगळा
जाता जाता, प्रबंध किती पानी असावा? आमच्या सरांचं मत होतं की उभा ठेवला तर पडता कामा नये.

शिवारफेरी
कमला सोहोनी. केंब्रिज, १९३९. वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी वरचा प्रबंध, जेमतेम ४० पानांचा. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांपैकी एक. तुमच्या सरांना सांगा.

पाचपन्नास
केंब्रिजला चालतं, आमच्याकडे ४० पानांचा नेला तर खिडकीवरचा क्लार्कच विचारेल, बाकीचा कुठाय?

डीटीपी_काका
लोकहो, मी विद्यापीठाच्या गेटसमोर दुकान चालवतो, प्रबंध टाईप करून बाईंडिंग करून देतो, हाताखालून किती गेले मोजलेले नाहीत. चार गोष्टी सांगतो, ऐका नाहीतर शेवटच्या रात्री माझ्याकडेच रडत याल.

श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टात एक ओळ टाईप करू नका. ते दिसतं मराठी पण आत इंग्रजी अक्षरं असतात. सिमिलॅरिटीच्या (मजकूर दुसरीकडून उचललाय का ते शोधणाऱ्या) सॉफ्टवेअरला त्यातलं काही वाचता येत नाही. पूर्वी लोक त्याचा फायदा घ्यायचे, शून्य टक्के रिपोर्ट मिरवायचे, आता बरीच विद्यापीठं युनिकोडच मागतात. नंतर कन्व्हर्टरने युनिकोड केलं की रफार आणि जोडाक्षरं हमखास फुटतात, 'वर्ष'चं काय होईल सांगता येत नाही, मग तीनशे पानं डोळ्यांत तेल घालून तपासा.

दुसरं, प्रकरणाचं नाव ठळक करून मध्ये आणलं म्हणजे हेडिंग झालं असं नाही. वर्डमध्ये स्टाईल असते, हेडिंग वन, हेडिंग टू, ती लावा. अनुक्रमणिका एका क्लिकवर तयार होते आणि पानं सरकली तरी आकडे बदलतात. लोक हाताने टाईप करून आणतात आणि रात्री अकराला एक तक्ता मोठा झाला की अख्खी अनुक्रमणिका खोटी. तक्त्यांचे क्रमांकही तसेच, कॅप्शन टाकून घ्या.

डाव्या बाजूला दीड इंच सोडा, बाईंडिंग खातं. सोनेरी अक्षरं पुठ्ठ्यावर चढवायच्या आधी नावाचं स्पेलिंग स्वतः बघा, गाईडचंही. आणि शोधगंगेवर (प्रबंधांचा ऑनलाइन साठा) चढवायला प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ लागतात, त्या तेव्हाच करून घ्या.

उगाच
काका, धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा. पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

वाचनखूण
काका, सिमिलॅरिटी किती टक्के चालते हो?

डीटीपी_काका
ते मास्तर लोकांना विचारा, मी फक्त प्रिंट काढतो.

अनघा_प
यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. १० टक्क्यांपर्यंत काही कारवाई नाही. १० ते ४० असेल तर सुधारून परत द्या, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, रीतसर अवतरण म्हणून दिलेला मजकूर हे त्यात धरत नाहीत. पण वाचनखूण, टक्का खाली आणायला शब्द बदलत बसू नका. हल्ली मुलं 'शिक्षण'च्या जागी 'अध्ययन' आणि 'कामगार'च्या जागी 'श्रमजीवी' घालून आणतात, आणि एआयला 'वेगळ्या शब्दांत लिही' सांगितलेलं तर पहिल्या ओळीत कळतं, सगळी वाक्यं इस्त्री केल्यासारखी. पुस्तक मिटून ठेवा आणि काय वाचलं ते आठवून लिहा, दहाच्या आत राहाल.

डेल्फ्टकर
उशिरा आलो. मी नेदरलँड्समध्ये पीएचडी केली, इंजिनीअरिंग. इकडे आमच्यात बहुतेक प्रबंध म्हणजे तीन-चार छापून आलेले किंवा पाठवलेले पेपर, प्रत्येक पेपर म्हणजे एक प्रकरण, पुढं एक प्रस्तावना आणि मागं एक समारोप. ऐकायला सोपं वाटतं. पण चार पेपर एका धाग्यात ओवायचे म्हणजे प्रत्येकात तीच तीच प्रस्तावना, तीच तीच पद्धत, वाचणाऱ्याला चार वेळा त्याच दारातून आत जायचं. ती एक प्रस्तावना लिहायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला.

एक गंमत सांगतो. इथं प्रबंधासोबत प्रपोझिशन्सचं एक पान जोडायची पद्धत आहे. एक एक वाक्याची विधानं, ज्यांवर परीक्षक तुमच्याशी भांडू शकतो. काही प्रबंधातली, काही अगदी बाहेरची, राजकारण, सायकल, काहीही. मला त्या पानाचा फार उपयोग झाला, कारण 'मी नक्की काय म्हणतोय' हे आठ-दहा ओळींत लिहावं लागतं आणि जे लिहिता येत नाही ते प्रबंधातही नाहीच हे कळतं. जाहीर डिफेन्स ठरलेल्या वेळेत असतो, वेळ संपली की दंड घेतलेला एक माणूस आत येतो आणि लॅटिनमध्ये 'होरा एस्ट' म्हणतो, म्हणजे वेळ झाली. तुम्ही वाक्याच्या मध्यात असलात तरी खलास.

उगाच
आपल्याकडे वेळ झाली हे जेवण आल्यावर कळतं.

शिवारफेरी
व्हायव्हाच्या (तोंडी परीक्षेच्या) जेवणाचा विषय काढू नका. माझ्या वेळी प्रश्न विचारले वीस मिनिटं आणि मेनूवर चर्चा आठवडाभर. कुठल्या सरांना गोड चालत नाही, कुणाला स्टेशनवरून आणायचं, शाल किती रुपयांची. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, सगळीकडे तेच.

पाचपन्नास
आणि पेपर छापायचे ते वेगळे. २०२२ च्या नियमांनी सादरीकरणाआधी पेपरची सक्ती काढली, तरी काही ठिकाणी अजून मागतात, आणि 'पैसे भरा, आठवड्यात छापतो' वाले दिवसाला तीन मेल टाकतात. यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची) होती तेव्हा निदान विचारता यायचं, २०२५ मध्ये तीही बंद झाली.

खडूफळा
एक अडचण उरलीच. सिनॉप्सिसमध्ये (आधी दिलेल्या आराखड्यात) मी परिकल्पना, म्हणजे तपासायचा अंदाज, लिहून दिलेली आहे: 'उचलीची रक्कम जास्त असलेल्या कुटुंबांत गळती जास्त असते.' आता माझेच आकडे ती खोडून काढताहेत. गाईड म्हणतात परिकल्पना सिद्ध झाली पाहिजे, नाहीतर शब्दरचना बदला. काय करू?

शिवारफेरी
बदलू नका! आपल्याकडच्या प्रबंधांत 'सर्व परिकल्पना सिद्ध झाल्या' हे इतक्या वेळा वाचलंय की संशयच येतो. इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशरकडे पीएचडीला होत्या. कवटीची ठेवण आणि वंश यांचा संबंध लागतो का हा विषय, आणि गुरुजींना कुठलं उत्तर हवं होतं ते उघड होतं. बाईंनी मापं घेतली आणि तसा संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. आणि पदवी मिळालीच.

मोडीवाचक
आणि गाईडला पटलंच पाहिजे असंही नाही. बाबासाहेबांच्या रुपयावरच्या प्रबंधाचे लंडनमधले गाईड एडविन कॅनन. १९२३ मध्ये तो पुस्तकरूपात आला तेव्हा कॅनन यांनीच प्रस्तावना लिहिली आणि तीत सरळ म्हटलं की यातले बरेचसे युक्तिवाद मला मान्य नाहीत. तरी लिहिली.

पाचपन्नास
कॅननला पुढच्या महिन्यात सरांच्या कॅस (पदोन्नतीच्या) इंटरव्ह्यूत बसायचं नव्हतं हो. बोलायला काय जातंय. सर, गाईडशी वाद घालू नका, तक्ता दाखवा. म्हणा, सर हे बघा, परिकल्पना त्याज्य ठरते पण त्यातून नवीन गोष्ट निघते, आणि परीक्षकाने उचलीचा तक्ता मागितला तर लपवता येणार नाही. भीती दाखवली की गाईड ऐकतात.

अनघा_प
यावेळी पाचपन्नासांशी शंभर टक्के सहमत. मलाही असंच कुणी घाबरवलं की मी ऐकते.

खडूफळा
दाखवला तक्ता. सर बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले 'त्याज्य' ठेवा पण कारणं नीट लिहा. जमलं एकदाचं. तोपर्यंत रात्री बसून आराखडा केलाय, ठोका:

१. प्रस्तावना (शेवटी लिहिणार)
२. साहित्याचा आढावा : घर एकसंध धरणारे अभ्यास आणि न धरणारे
३. संशोधन पद्धती (हजेरीपट कसे उतरवले, कोप्यांवर कसा राहिलो, मुकादमाने ओळख करून दिली त्याचा परिणाम काय)
४. हंगाम आणि हजेरीपट : कोण, कधी गळतं
५. घरातला निर्णय : उचल, म्हातारी माणसं, तान्ही भावंडं
६. कोपीवरचा दिवस
७. निष्कर्ष व शिफारशी

शिवारफेरी
झकास. मुकादमाची ओळख पद्धतीत घेतलीत हे फार आवडलं, लोक असलं लपवतात. एकच शंका, 'कोपीवरचा दिवस' शेवटी का? वाचणाऱ्याला फड म्हणजे काय हे चौथ्याआधी कळायला नको? परीक्षक नागपूरचा किंवा हैदराबादचा असू शकतो.

खडूफळा
मलाही तोच घोळ आहे. आधी घातलं तर वर्णन वाटतं, नंतर घातलं तर निर्णयाचा परिणाम म्हणून येतं.

मोडीवाचक
नंतरच ठेवा. फड, कोयता, टोळी, कोपी म्हणजे काय ते प्रस्तावनेत दोन पानांत उरका. कृषिप्रधान देशाच्या जागी तेच येऊ दे.

अनघा_प
सातव्यावर माझा आक्षेप. 'शासनाने जनजागृती करावी, पालकांचे प्रबोधन करावे' असलं काही लिहिलंत तर मी इथं येऊन भांडेन. शिफारस पाचव्या-सहाव्या प्रकरणातूनच निघाली पाहिजे. निर्णय पावसाळ्यात होतो असं तुमचे कागद सांगतात, तर वसतिगृहाची यादी आणि मंजुरी उचल वाटली जायच्या आधी गावात पोचली पाहिजे, ही एक. तान्ह्या भावंडामुळे थोरली मुलगी जाते, तर फडावर पाळणाघर नसेल तोवर मुलींसाठी नुसतं वसतिगृह पुरत नाही, ही दुसरी. दोनच पुरे. वीस कुणी वाचत नाही.

डेल्फ्टकर
आणि नावं बदला सर. गावाचं, मुकादमाचं, मुलीचं. शोधगंगेवर पीडीएफ चढली की ती कुणालाही उघडता येते. कुठल्या घराने किती उचल घेतली आणि कोण पळून आलं हे मुकादमाच्या पोराने मोबाईलवर वाचलं तर पुढच्या हंगामात त्या घराचे हाल. नुसतं नाव बदलून भागत नाही, 'पाच मुली आणि आंधळी आजी असलेलं घर' म्हटलं की गावात सगळ्यांना कळतं. अशा दोन घरांचे तपशील थोडे विस्कटून टाका आणि तसं केलंय हे पद्धतीच्या प्रकरणात सांगा.

खडूफळा
हे डोक्यातच आलं नव्हतं. हजेरीपटांचे फोटो परिशिष्टात टाकणार होतो, त्यावर नावं आहेत. काढतो.

डीटीपी_काका
फोटो काढताय ते बरं, स्कॅन काळे येतात. रकाने टाईप करून द्या, नावाच्या जागी क्रमांक. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येऊ नका, तेव्हा सगळ्यांची लाईन असते.